काळ्या कुत्रीची पिवळी पिल्लं

जुलै १९९७. सांगलीत माझा दवाखाना सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. सकाळी सात वाजता मिरज रस्त्यावरच्या एका बंगल्यातून फोन आला. "डॉक्टर, लगेच या. कुत्री व्यालीय." आवाजात आनंद नव्हता. पिल्लू अडलं असेल असं वाटून मी बॅग उचलली आणि निघालो.

अडलेलं काही नव्हतं. गॅरेजच्या कोपऱ्यात गोणपाटावर लॅब्राडोर कुत्री आडवी पसरली होती आणि नऊ पिल्लं सडांना लागली होती. सहा काळी कुळकुळीत, तीन साईच्या रंगाची. आई काळी. पुण्याहून मुद्दाम आणलेला नरही काळा, आणि त्याच्यासाठी मालकांनी बरेच पैसे मोजले होते. मालकांना सगळे आबा म्हणत. आबांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "ही तीन कुणाची, तेवढं सांगा."

दाराशी मामा उभे होते. कुत्र्यांचं सगळं तेच बघायचे. जत तालुक्यातले, पन्नाशीच्या पुढचे, बोलायला कमी. कुत्री माजावर असताना तिला मागच्या खोलीत कोंडून ठेवायचं काम त्यांचं होतं. फाटकाबाहेर एक गावठी कुत्रा नेहमी बसलेला असायचा. मीही तो पाहिलेला होता. अंग पिवळं, पाठीवर काळपट केसांची झाक, थोबाड काळं. आबांचा संशय कुठं चालला आहे ते तिथल्या सगळ्यांना कळत होतं.

मामा म्हणाले, "मालक, कडी म्या सोताच्या हातानं लावत हुतो." मग थांबून, माझ्याकडे बघत, "डाक्टर, हिच्या आईची आई पिवळीच हुती. कोल्हापूरला हिला आणायला गेलतो तवा म्या बघितलीया. परड्यात बांधलेली."

आबांनी मला विचारलं, "काळ्या-काळ्यात पिवळं होतं का?"

मी म्हणालो, "सहसा होत नाही. एका वेतात दोन बाप असू शकतात."

यातलं दुसरं वाक्य खरं आहे. कुत्रीचा माज बरेच दिवस चालतो, त्या काळात ती एकाहून अधिक नरांना घेते आणि एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. ते मला पक्कं माहीत होतं. पहिलं वाक्य माझा अंदाज होता. पण दोन्ही वाक्यं एकापाठोपाठ, एकाच आवाजात आणि गळ्यात स्टेथोस्कोप असलेल्या माणसाच्या तोंडून आली. ऐकणाऱ्याला त्यातला फरक कळणार कसा? मामांनी मान खाली घातली. त्यांनी पुन्हा काही बोलायचा प्रयत्न केला नाही.

पंधरा दिवसांनी जंताचं औषध द्यायला गेलो तेव्हा पिल्लांचे डोळे उघडले होते. जन्मतः गुलाबी असलेली पिवळ्या पिल्लांची नाकं आता काळी पडत होती. मामा दिसले नाहीत. कुणीतरी दुसरा पोरगा पिल्लं धरत होता. मी विचारलं नाही. औषध पाजलं, पैसे घेतले आणि आलो.

वर्षभरानं त्या तीनपैकी एक पिल्लू माझ्याच टेबलावर लसीला आलं. आबांनी ते शेजाऱ्याला फुकट देऊन टाकलं होतं. रुंद डोकं, जाडजूड पाय, बुंध्याशी भरलेली आणि टोकाकडे निमुळती होत गेलेली शेपटी, पाण्यात भिजणार नाही असा दाट आखूड केस. गावठीची एक रेघही त्याच्या अंगावर नव्हती. मी सुई टोचली, कार्डावर तारीख घातली आणि त्या दिवशी दुपारी जेवलो नाही.

त्यानंतर मी वाचायला लागलो. कॉलेजात मेंडेलचे वाटाणे होते, गाई-म्हशींच्या जाती होत्या, दूध वाढवण्यासाठी कुठला वळू निवडायचा ते होतं. कुत्र्याच्या रंगाबद्दल कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. पुण्यातल्या एका थोरल्या व्यवसायबंधूंकडे एका जुन्या पुस्तकाची झेरॉक्स होती, ती मी १९९९ मध्ये मागून आणली. क्लॅरेन्स कुक लिटल यांचा तो १९५७ सालचा ग्रंथ, कुत्र्यांमधल्या रंगाच्या वारशावरचा. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बरला १९२९ साली जॅक्सन प्रयोगशाळा उभी करणारे ते हेच. त्यांचं मुख्य काम उंदरांवर होतं, पण कुत्र्यांच्या वेतांच्या नोंदी जमवून त्यांनी रंगांचा हिशेब मांडला. कुठल्या रंगाचा नर, कुठल्या रंगाची मादी, पिल्लं किती आणि कशी. तेव्हा जनुक कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. डीएनएची रचना कळून अवघी चार वर्षं झाली होती. केवळ पिल्लं मोजून एवढं सांगता येतं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

कुत्र्याच्या केसात रंगद्रव्यं दोनच. एक काळं, त्याचंच एका जनुकाच्या फेरफारानं तपकिरी होतं. दुसरं पिवळं, ते फिकट साईपासून गडद तांबड्यापर्यंत जातं. जगातल्या सगळ्या कुत्र्यांचे सगळे रंग या दोन रंगांचे आणि रंग न पोहोचलेल्या पांढऱ्याचे खेळ आहेत. केस रंगवणाऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर एक ग्राहक असतो, त्याला आपण दार म्हणू. दाराला संदेश मिळाला की पेशी काळं बनवते. मिळाला नाही की पिवळं. काही कुत्र्यांत हे दारच बिघडलेलं असतं. बाहेरून कितीही हाका मारा, उघडत नाही. मग अंगावरचा प्रत्येक केस पिवळा होतो. पिवळा लॅब्राडोर तो हाच.

बिघडलेल्या दाराचं जनुक अप्रभावी असतं. आईकडून एक आणि बापाकडून एक, अशा दोन्ही प्रती बिघडलेल्या आल्या तरच पिल्लू पिवळं होतं. एक चांगली आणि एक बिघडलेली असेल तर कुत्रा काळाच दिसतो, आणि ती बिघडलेली प्रत अंगात घेऊन फिरतो, पिढ्यान्‌पिढ्या, कुणाला पत्ता न लागू देता. असे दोन काळे एकत्र आले की चारात एक पिल्लू पिवळं. हा हिशेब शेकडो पिल्लांचा आहे. नऊच पिल्लांत दोन येतील, तीन येतील, एकही येणार नाही. मामांनी पाहिलेली ती कोल्हापूरची पिवळी आजी! तिच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या. तिच्या प्रत्येक लेकीला, ती काळी असली तरी, त्यातली एक मिळालेलीच असणार. नातीपर्यंत ती पोहोचायची शक्यता निम्मी. नात काळी, पण तिनं आजीचा रंग जपून ठेवलेला. मामांनी एका वाक्यात वंशावळ मांडली होती. मी पदवीधर, मी ऐकली नाही.

नाकही हेच सांगत होतं. दार बिघडल्याचा परिणाम केसांपुरताच राहतो, नाकाच्या कातडीत काळं द्रव्य येतंच. म्हणून पिवळ्या लॅब्राडोरचं नाक काळं, पापण्यांच्या कडा काळ्या. तपकिरी म्हणजे चॉकलेटी लॅब्राडोरचं नाक मात्र तपकिरी असतं, कारण तिथे काळं द्रव्यच बदललेलं असतं. आज कुणी पिल्लू आणलं की मी आधी नाक बघतो, मग अंग. अंगाचा रंग फसवतो, नाक सहसा फसवत नाही.

मी आबांकडे गेलो. ओसरीवर बसून सगळं समजावून सांगितलं, कागदावर चार चौकोन काढून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकलं. शेवटी म्हणाले, "झालं ते झालं डॉक्टर. आता त्याला कुठं शोधायचं?"

शोधायचं अवघड नव्हतं. जतला मी त्या काळात महिन्यातून दोनदा शेळ्यामेंढ्यांच्या लसीकरणासाठी जात होतो. गावाचं नावही माहीत होतं. पण गेलो नाही. काय सांगणार, कुठल्या तोंडानं, असं स्वतःला विचारत राहिलो आणि वर्षं गेली.

केसपेपरवर मात्र मी एक ओळ वाढवली. आईचा रंग, बापाचा रंग, माहीत असेल तर आजी-आजोबांचा, नाक आणि पापण्यांच्या कडा. सुरुवातीला लोकांना नवल वाटायचं. "डॉक्टर, जुलाब झालेत त्याला, आजीचं काय करताय?" पण त्या ओळीनं मला पुढच्या दहा वर्षांत जेवढं शिकवलं तेवढं पुस्तकानंही शिकवलं नाही.

डाल्मेशियन पिल्लं जन्मतः पांढरीशुभ्र असतात आणि ठिपके दुसऱ्या आठवड्याच्या आसपास वर यायला लागतात. हे माहीत नसलेल्या एका घरात बिचाऱ्या कुत्रीकडे तीन दिवस कुणी नीट पाहिलं नव्हतं. निळ्या डोबरमनचा 'निळा' म्हणजे काळ्याचंच फिकट रूप. दोन्हीकडून फिकटपणाचं जनुक मिळालं की केसातले रंगाचे कण एकसारखे न पसरता गुठळ्या होऊन बसतात. त्यातल्या बऱ्याच डोबरमनांचे केस पुढे तुटायला आणि झडायला लागतात, पाठ उघडी पडते, कातडीला पुटकुळ्या येतात. लोक दुर्मीळ रंग म्हणून जास्त पैसे देऊन ते आणतात आणि दोन वर्षांनी शाम्पू विचारत येतात. त्यावर शाम्पू नाही. हे सांगताना मला राग येतो, आणि तो समोरच्या माणसावर नसतो.

मर्लबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं.

२००३ साली इचलकरंजीकडच्या एका गृहस्थांच्या ग्रेट डेन जोडीला पिल्लं झाली. नर आणि मादी दोघंही मर्ल, म्हणजे राखी अंगावर काळे वेडेवाकडे डाग, ओल्या कागदावर शाई सांडल्यासारखे. सात पिल्लं. त्यातली दोन जवळजवळ पूर्ण पांढरी. गृहस्थ खुशीत होते. पांढऱ्यांना दुप्पट भाव येईल म्हणाले, दोन गिऱ्हाइकं ठरलीही होती. मला पिल्लांची तब्येत बघायला बोलावलं होतं. पाच आठवड्यांची होती.

दुपारची वेळ, पिल्लं एकमेकांच्या अंगावर ढीग होऊन झोपली होती. मी खिशातला किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्यांच्या मागे जाऊन, त्यांना दिसणार नाही असा, एकदाच वाजवला. पाच डोकी वर आली. दोन पांढरी तशीच झोपलेली. पुन्हा वाजवला. मग स्टीलची वाटी फरशीपासून लांब, हातातच धरून, चमच्यानं ठोकली, कारण फरशीवर ठोकली तर थरथर पंजांना कळते आणि आपण फसतो. एका पिल्लाचा श्वास तसाच संथ चाललेला, पोट वरखाली होतंय, कानाची पाळीसुद्धा हलली नाही. मी वाकून त्याच्या पाठीवर हलकी फुंकर मारली. तेव्हा ते दचकून उठलं आणि सगळीकडे बघायला लागलं. डोळेही लहान होते, एकाची बाहुली मध्यभागी नव्हती.

गृहस्थांना मी जे सांगितलं ते त्यांच्या मुलानं दारात उभं राहून ऐकलं. दहाएक वर्षांचा असेल. तो म्हणाला, "पण पांढऱ्या रंगाचा कानाशी काय संबंध?"

हाच प्रश्न आहे. लोकांना वाटतं रंग म्हणजे भिंतीवर दिलेला चुना, आतल्या घराशी त्याचा काय संबंध. पण रंगाच्या पेशी जन्मतात पाठीच्या कण्याच्या जागी, गर्भ अगदी लहान असताना. तिथून त्या पोटाकडे, पंजांकडे, डोक्याकडे चालत जातात. वाट लांबची असते. म्हणूनच ज्या पिल्लात त्या थोड्या कमी पडतात त्याची छाती, पंजे, शेपटीचं टोक पांढरं राहतं, कारण ही शेवटची ठिकाणं. त्यातल्या काही पेशी आतल्या कानात जातात. तिथे त्या रंगासाठी नसतात. ऐकणाऱ्या पेशी ज्या द्रवात जगतात त्याचं क्षारांचं प्रमाण राखायला त्या लागतात. त्या पोहोचल्याच नाहीत तर ऐकणाऱ्या पेशी जन्मानंतर तीन-चार आठवड्यांत मरून जातात, आणि कान कायमचा बंद होतो. डोळ्याच्या घडणीतही त्यांचा भाग असतो. मर्लच्या जनुकाची एक प्रत असली तर अंगावर सुंदर डाग. दोन प्रती असल्या तर ही अवस्था. मर्ल नर आणि मर्ल मादी लावली की चारात एक पिल्लू या वाट्याला जातं. टेक्सासमधल्या संशोधकांनी २००६ मध्ये हे जनुक नेमकं शोधून काढलं. आता गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून पाठवला की उत्तर येतं. पण दोन मर्ल एकत्र आणू नयेत हे कुत्रेवाल्यांना त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना पांढऱ्याचा भाव माहीत होता.

दोन्ही गिऱ्हाइकं फिरली. एक पिल्लू त्या मुलानं हट्ट करून ठेवून घेतलं. दुसरं मी घरी आणलं. ढवळ्या. आठएक वर्षं तो आमच्याकडे होता. त्याला बोलवायचं तर फरशीवर टाच दोनदा आपटायची, मग तो जिथे असेल तिथून मान वळवायचा. रात्री दिवा दोनदा उघडझाप केला की आत यायचा. बायकोनं त्याला हाताच्या खुणांनी बस, थांब, ये, पुरे एवढं शिकवलं होतं. दिवाळीच्या फटाक्यांत गल्लीतली सगळी कुत्री पलंगाखाली असायची आणि हा अंगणात पाय पसरून झोपायचा. लोक कौतुक करायचे, केवढा शूर म्हणून. मला ते बघवायचं नाही.

ढवळ्यामुळे मी एक नियम केला. ज्या घरात पिल्लं होणार त्या घरी नर ठरायच्या आधी मी जातो. बोलावलं नाही तरी फोन करतो. दोघांचे फोटो मागतो, त्यांच्या आईबापांचे मागतो. काहींना ही लुडबूड वाटते. वाटू दे.

२००९ मध्ये एका प्रशिक्षणवर्गात मला जी गोष्ट कळली तिनं १९९७ ची ती सकाळ पुन्हा माझ्यासमोर आणून उभी केली.

लिटल यांच्या पुस्तकात एका ठिकाणी गाठ होती. लॅब्राडोरचा काळा प्रभावी असतो, दार बिघडलेलं नसेल तर सगळ्यावर मात करतो. तो काळा त्यांनी ज्या जनुकाच्या खात्यात टाकला होता तिथे तो नीट बसत नव्हता. २००७ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या ग्रेग बार्श यांच्या गटानं दाखवून दिलं की हे खातंच वेगळं आहे. आणि ते जनुक निघालं डिफेन्सिन कुळातलं. या कुळातली प्रथिनं एरवी जंतूंशी लढताना आपल्याला माहीत असतात. कुत्र्यात त्यातलं एक केस काळे करत होतं! पुढे दोन वर्षांनी असंही दिसलं की उत्तर अमेरिकेतल्या काळ्या लांडग्यांत हेच जनुक आहे आणि ते त्यांच्याकडे कुत्र्यांपासून गेलेलं आहे.

काम कसं चालतं? मघाचं दार आठवा. गावठी पिवळ्या कुत्र्यात दार चांगलं असतं. पण अगूटी नावाचं एक प्रथिन येऊन दारात बसतं आणि काळ्याचा संदेश आत जाऊ देत नाही, म्हणून तो पिवळा. ते मध्येमध्ये उठतं, म्हणून पाठीवर काळपट झाक राहते. लॅब्राडोरमध्ये त्याच दारात हे डिफेन्सिन आधीच जागा धरून बसलेलं असतं. अगूटीला बसायला जागाच नाही. कुत्रा काळा. आणि हे जनुक प्रभावी असल्यानं एक प्रत पुरते.

म्हणजे गावठी कुत्र्याचा पिवळा आणि लॅब्राडोरचा पिवळा हे दोन वेगळे पिवळे आहेत. डोळ्यांना एक दिसतात, आत त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. एकाचं दार बंद केलेलं, दुसऱ्याचं दार मोडलेलं.

वर्गात बसल्या बसल्या मी वहीत चौकोन मांडला. आबांची काळी कुत्री. तिच्याकडून प्रत्येक पिल्लाला प्रभावी काळ्याची एक प्रत मिळणारच, कारण लॅब्राडोरमध्ये तिच्या दोन्ही प्रती असतात. फाटकाबाहेरचा तो गावठी, पाठीवर काळपट झाक असलेला, म्हणजे मोडक्या दाराचा नव्हे. त्याच्यापासून झालेली पिल्लं कुठल्या रंगाची झाली असती?

काळी.

त्याच्याही अंगात कुठेतरी मोडक्या दाराची एक प्रत दडलेली असली तरच पिवळं होणार, आणि ती शक्यता शून्य नसली तरी त्या पिल्लाचं डोकं, हाडं, शेपटी सगळं त्याविरुद्ध होतं. कडी खरंच उघडी राहिली असती, तो कुत्रा खरंच आत आला असता, तर वेत सगळं काळंभोर झालं असतं, आबांनी पेढे वाटले असते आणि मामांची नोकरी राहिली असती. ज्या रंगावरून मी त्या माणसाला दोषी ठरवलं तोच रंग त्याच्या बाजूनं साक्ष देत होता.

त्या वर्षी मी गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. २०११ च्या डिसेंबरात ढवळ्या गेल्यानंतर महिन्याभरानं गेलो.

जतच्या पूर्वेला माळ लांबवर उघडा आहे. तिथून कर्नाटकाची हद्द जवळ. वस्तीवर मामांचं घर लगेच सापडलं. ते आता सत्तरीच्या घरात होते, बाभळीखाली बाजेवर बसलेले. मला ओळखलं. "डाक्टर न्हवं का सांगलीचं?" चहा ठेवायला सांगितला. दावणीला एक कारवानी कुत्री होती, उंच, पाठ कमानीसारखी, कंबर हातात मावेल एवढी. यांना आमच्याकडे कारवानी म्हणतात. हद्दीपलीकडे असाच शिकारी कुत्रा मुधोळचा म्हणून ओळखला जातो, २००५ मध्ये पोस्टानं त्याचं तिकीट काढलं होतं. तिच्याजवळ महिन्याभराची सहा पिल्लं. मला बोलायला सुरुवात सापडत नव्हती, म्हणून मी पिल्लांजवळ बसलो.

दोन पिवळी, एक काळं, दोन वाघ्यासारखी पट्ट्यांची, आणि एक काळं-तांबडं, प्रत्येक डोळ्यावर एक तांबडा ठिपका असलेलं. आपल्याकडे याला चार डोळ्यांचा कुत्रा म्हणतात. ऋग्वेदात यमाच्या दोन कुत्र्यांचं वर्णन चार डोळ्यांचे म्हणूनच आहे, म्हणजे हा रंग माणसानं तेव्हाही बघून ठेवला होता. पट्टे म्हणजे त्याच डिफेन्सिन जनुकाचं तिसरं रूप. कुठे ते जागा धरतं, कुठे अगूटीला देतं, आणि अंगावर काळा पिवळा असे पट्टे उमटतात. मी एक वाघ्या हातात घेतला. कातडी अंगाला सैल, केस इतका आखूड की खालची बरगडी बोटाला लागत होती. छातीवर रुपयाएवढा पांढरा ठिपका.

"रंग कुठला चांगला धरता यात?" मी विचारलं.

"रंगाला काय करायचं? मागं वळून कोण धावतंय ते बघायचं. आन पंजा." त्यांनी पिल्लाचा पंजा उलटा करून मला दाखवला. "गोल न्हाई पायजे. लांबट पायजे."

मग मी सांगितलं. पिवळ्या आजीपासून सगळं, पिवळ्याच्या दोन प्रकारांसकट. त्यांना समजेल का असा विचार मी वाटेत केला होता. ते चुकीचं होतं. त्यांना पहिल्या फटक्यात समजलं. त्यांनी फक्त एकच विचारलं, "म्हंजी ते गावठी आलं असतं तर काळीच झाली असती?"

"बहुतेक."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. चहा आला, निवला. मग म्हणाले, "धाकल्या पोरीचं जमत हुतं तवा. सांगलीला काम करतोय म्हणून पाव्हणं तयार झालतं. काम गेलं, आन कशानं गेलं तेबी त्यांच्या कानावर गेलं. इमानदारीनं रखवाली करत न्हवता म्हणून." पुढे, माझ्या चेहऱ्याकडे बघून बहुधा, "दिली नंतर दुसरीकडं. बरं हाय तिचं."

मी माफी मागितली. त्यांनी हात हलवला, घेतली असंही म्हणाले नाहीत, नाही असंही नाही. मी आबांना तेव्हाच सांगितल्याचं सांगितलं. "मालक वारलं म्हणं," ते म्हणाले. खरं होतं, दोन वर्षांपूर्वी.

निघायला उठलो तेव्हा ते म्हणाले, "डाक्टर, हे कागदावर लिवून द्याल?"

माझ्या बॅगेत औषधं लिहायचा कागद होता. बाजेच्या कडेवर ठेवून मी लिहिलं. जुलै १९९७ मध्ये अमुक घरी झालेल्या वेताबद्दल मी दिलेलं मत चुकीचं होतं. काळ्या आई-बापांपासून पिवळी पिल्लं होतात. कुत्रीची आजी पिवळी असल्याचं यांनी मला त्याच वेळी सांगितलं होतं आणि ते बरोबर होतं. कुत्रीच्या राखणीत यांची हयगय झाली असं म्हणायला कोणताही आधार नव्हता आणि नाही. खाली सही केली, नोंदणी क्रमांक लिहिला.

त्यांचा नातू आठवीत होता. त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं. मामांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं, या खेपेला सुनेलाही बाहेर बोलावून. मग कागद हातात घेऊन त्याच्या खालच्या बाजूला बराच वेळ बघत राहिले.

"शिक्का न्हाई," ते म्हणाले.

शिक्का दवाखान्यात होता. पुढच्या मंगळवारी तो बॅगेत टाकून मी पुन्हा जतला गेलो.